लिहिण्याचे पैसे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरच्या विदुषींना बोलावतो आणि सतरंजीवर बसून त्यांचे ऐकतो. यंदा चिटणीसबाईंच्या मनात काय आले कोण जाणे, त्यांनी मलाच उभे केले आहे. विषयही त्यांनीच नेमून दिला, 'इंटरनेटवर लेख लिहून पैसे कसे मिळवावेत.' मी त्यांना म्हटले, अहो, मी सातवी शिकलेली बाई. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही." तेव्हा आता जे काही बरेवाईट होईल त्याचे माप त्यांच्या पदरात घाला.

तुमच्या मनातला पहिला प्रश्न मला ठाऊक आहे. किती मिळतात? गेली काही वर्षे रस्त्यात, नळावर, रेशनच्या दुकानात मला हाच प्रश्न विचारला जातो, म्हणून त्याचेच उत्तर आधी देऊन टाकते. मी २०२१ साली सुरुवात केली, तेव्हा एका संकेतस्थळाकडून मला शब्दाला पंचवीस पैसे मिळत. पाचशे शब्दांचा लेख झाला की सव्वाशे रुपये. आता पाचशे शब्द लिहायला मला किती वेळ लागे? स्वयंपाक, धुणे, भांडी आटोपून दुपारी दोनला बसले तर पाच वाजत. आपल्या गल्लीत साडीला फॉल-पिको करून देणाऱ्या वहिनी तेवढ्याच वेळात माझ्याहून अधिक मिळवतात, आणि त्यांना र्‍हस्वदीर्घाची भीतीही नाही. माझा सगळ्यांत चांगला महिना दोन हजार तीनशे रुपयांचा होता. काही महिने अगदी कोरडे गेले. पहिले सव्वाशे रुपये मोबाईलमध्ये आले आणि मोबाईलच्याच रिचार्जला गेले. म्हणून ज्या कोणी आज इथे घरभाडे निघेल या आशेने आल्या असतील, त्यांनी निराश व्हावे, पण आत्ताच व्हावे. सहा महिन्यांनी होण्यापेक्षा ते बरे.

मग मी हे का करते? आमच्या सासूबाईंनी याचे उत्तर माझ्या आधी दिले. घरात कोणी तरी हसून म्हणाले, "लिहिण्याचे कुठे पैसे मिळतात होय?" त्यावर त्या म्हणाल्या, "पुराणिकबुवा देवळात बसून नुसते वाचून दाखवीत, तरी त्यांना शिधा मिळे. ही तर स्वतःचे लिहिते." मला हे फार आवडले. चार बायकांच्या उपयोगी पडेल असे काही आपण बसून, विचार करून लिहिले, तर ते काम आहे, आणि कामाला दाम आहे. दाम लहान असेल, पण तो आपल्या हातात आला पाहिजे आणि त्या लेखावर आपले नाव राहिले पाहिजे. हे 'नाव' प्रकरण मी पुढे सांगणार आहे, कारण त्यात मला जरा भांडावे लागले.

आता लिहायचे कसे, हे विचारणाऱ्याही पुष्कळ आहेत. 'आम्हाला मोबाईलवर मराठी टंकता येत नाही' ही तक्रार आता सांगू नका. २०१७ च्या ऑगस्टपासून गूगलने मराठी बोलून लिहिण्याची सोय केलेली आहे. अक्षरफळीवरचे माईकचे चिन्ह दाबायचे आणि सावकाश बोलायचे. फोन लिहीत जातो. कधी भलतेच लिहितो. माझे 'सांडगे' त्याने एकदा 'भांडणे' करून ठेवले होते, आणि भांडणे उन्हात कडकडीत वाळवावीत असे वाक्य तयार झाले. म्हणून नंतर एकदा डोळ्यांखालून घालावे लागते. पण बोलून लिहिणे ही काही कमीपणाची गोष्ट नाही. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्या ओव्या म्हणत आणि मुलगा सोपानदेव व घरची माणसे त्या उतरून घेत; त्यातूनच १९५२ साली पुस्तक निघाले. त्यांच्यासारखे आपण काय बोलणार, पण उतरून घेणारा मात्र प्रत्येकीच्या पदराला बांधलेला आहे.

आणि बायकांनी घरात बसून लिहिणे आपल्या भागाला नवीन नाही. इथून जवळच किर्लोस्करवाडी. तिथून १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केले. आपल्या सांगलीकडच्या कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले, आणि आज इतक्या वर्षांनी नव्या सुनेच्या ओट्यावर ते अजून दिसते. घरात शिकलेले नीट मापाने सांगितले तर लोक ते विकत घेतात, हे त्या बाईंनी दाखवून दिले.

मी ज्या संकेतस्थळासाठी लिहीत होते, त्यांना घरगुती विषय हवे असत. डाळीत पोरकिडे होऊ नयेत म्हणून काय करावे, लोणच्याच्या बरणीला बुरशी का येते, पितळेची भांडी कशाने घासावीत, असले. पैसे वेळेवर देत, तक्रारीला जागा नाही. लेखावर माझे नाव मात्र नसे. तसे आधीच ठरले होते आणि मी ते मान्य केले होते. असे सुमारे दोन वर्षे चालले. मग २०२२ च्या अखेरीस ती लिहिणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. विषय सांगितला की क्षणात लेख तयार. पुढच्या वर्षी मला निरोप आला की आता लेख यंत्र लिहील, तुम्ही नुसते तपासून द्या, शब्दाला दहा पैसे देऊ.

पहिलाच लेख तपासायला आला तो चकलीच्या भाजणीचा. भाषा काय गुळगुळीत होती! माझ्याहून सरस. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरे, सगळे ओळीने. धान्य धुवा, सावलीत वाळवा, दळून आणा. एवढेच. भाजा म्हणून कुठेच नाही! भाजणी आणि तीही न भाजता. (हसता काय, त्या पिठाच्या चकल्या कढईत उतरल्या असत्या म्हणजे समजले असते.) दुसरा लेख कुरडयांचा. त्यात गहू तासभर भिजवायला सांगितले होते. आपण तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो, चौथ्या दिवशी वाटून चीक गाळतो, तो रात्रभर ठेवून सकाळी वरचे पाणी ओतून टाकतो, तेव्हा कुठे चीक शिजवायला येतो. हा लेख तपासायचा म्हणजे पुरता नव्याने लिहायचा. पाचशे शब्दांना पन्नास रुपये. मी त्यांना कळविले की तपासण्याचे काम मी करीन, पण दर तासावर ठरवा. त्यांना ते परवडेना, आणि आमचे तिथेच संपले. त्यांच्यावर माझा राग नाही. पण एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली. जे कोणीही लिहू शकेल ते यंत्र लिहिणारच, आणि त्याचे पैसे उतरतच जाणार. ज्या गोष्टी अजून कोणी नीट लिहून ठेवलेल्याच नाहीत, त्या यंत्राला कुठून कळणार? आपल्या मंडळात कोकणातून आलेल्या एक वहिनी आहेत. आगळ आणि अमसूल त्या ज्या रीतीने करतात ती मी कुठेही वाचलेली नाही. एक आजी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात आणि कोणते कापड वर, कोणते आत, याचे त्यांचे शास्त्र आहे. हे लिहा. 'आरोग्यासाठी पाणी प्या' हे लिहू नका, ते लाख जणांनी लिहून ठेवले आहे. आणि दुसऱ्याचे उचलून तर मुळीच नको.

आता नावाचे प्रकरण. २०२४ साली मी दुसऱ्या एका संकेतस्थळाला बारा लेख दिले. बोलणे सगळे फोनवर. दर तोच, पंचवीस पैसे, आणि लेखावर नाव माझे. बारा लेखांचे दीड हजार रुपये झाले. महिना गेला, दोन गेले. आधी 'हिशेबनीस रजेवर आहेत', मग 'पुढच्या आठवड्यात', मग फोन उचलणेच बंद. एक दिवस मुलीने मला दाखविले की लेख सगळे छापलेले आहेत आणि खाली नाव भलत्याच बाईचे आहे. दीड हजारापेक्षा मला ते जास्त लागले. त्यातला एक लेख माझ्या आईच्या हातच्या सातूच्या पिठावर होता. आईचे गाव, आमचे जाते, सगळे त्यात होते, आणि खाली नाव परक्या बाईचे!

आमच्या ओळखीत एक वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी जे समजावून दिले ते मी तुम्हाला जसेच्या तसे सांगते, कारण हे प्रत्येकीच्या कामाचे आहे. १९५७ चा प्रताधिकाराचा कायदा आहे. आपण नोकर म्हणून न लिहिता स्वतंत्रपणे लेख लिहिला, तर लिहिल्या क्षणापासून तो आपला. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो आणि त्यावर आपली सही लागते. नुसते फोनवर 'हो' म्हटल्याने हक्क जात नाही. लेखी करारात मुदत घातलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिले नसेल तर भारतापुरते धरतात. हक्क विकला तरी 'हे मी लिहिले' असे म्हणण्याचा अधिकार लेखिकेकडेच राहतो. आणि हा हक्क आपल्या हयातीत तर असतोच, पण आपल्या मागेही साठ वर्षे चालतो. म्हणजे पाटल्या जशा मुलीकडे जातात, तसा लेखही जातो. हे ऐकून मी थक्क झाले. आमच्या घरात माझ्या नावावर एवढी टिकाऊ वस्तू दुसरी कुठली आहे?

मग मी त्या लोकांना मराठीतच ई-मेल पाठविले. लेख माझे आहेत, ते मी कोणत्या तारखांना पाठविले त्याची नोंद माझ्याजवळ आहे, मी कोणताही हक्क लेखी दिलेला नाही. तेव्हा आठ दिवसांत पैसे आणि माझे नाव द्या, नाही तर लेख काढून टाका. पैसे आले नाहीत. पण सहाव्या दिवशी बाराही लेख तिथून गेले. उत्तर नाही, दिलगिरी नाही. आता ते बारा लेख माझ्या नावाने माझ्याच संकेतस्थळावर आहेत, सातूच्या पिठाचाही.

हे माझे संकेतस्थळ कसे झाले तेही सांगते. भाच्याने ते बांधून दिले. लेख वाचायला कोणाला पैसे पडत नाहीत. शेजारी जाहिराती दिसतात, आणि जाहिरातदाराने गूगलला दिलेल्या पैशांतला वाटा लिहिणाऱ्याला मिळतो. या जाहिरातींची सोय हिंदी लेखांना २०१४ च्या अखेरीस मिळाली आणि मराठीला २०१८ साली. श्रीमंत देशांतल्या इंग्रजी वाचकांसाठी जाहिरातदार जास्त मोजतात, मराठी वाचकांसाठी कमी, म्हणून तेवढ्याच वाचनाला आपल्याला थोडे मिळते. खात्यात दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे का ते पाहण्यासाठी आकडा लिहिलेले पत्र पोस्टाने घरी येते. आमच्या पोस्टमनने ते मोठ्या कौतुकाने आणून दिले. पैसे हातात पडायला मात्र शंभर डॉलर जमावे लागतात. मला त्याला चौदा महिने लागले. आठ हजारांच्या पुढे काही रुपये आले, तेव्हा बँकेतल्या साहेबांनी विचारले, "बाई, हे परदेशातून पैसे कसले?" मी म्हटले, "कुरडयांचे."

ज्यांना कथा सुचतात त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. 'प्रतिलिपी' नावाचे वाचनाचे ॲप २०१४ साली बंगळूरला निघाले, त्यावर मराठीत लिहिणाऱ्या गृहिणी फार आहेत. वाचक वर्गणी भरून पुढचे भाग वाचतात आणि त्यातला वाटा लेखिकेला मिळतो. त्यासाठी आधी बरेच वाचक जमवावे लागतात आणि रोज एक भाग लिहिण्याची चिकाटी लागते. मला ती नाही. मालिकेसारखी सून तीनशे भाग रडवीत ठेवणे मला जमणार नाही. पण ज्यांना जमते त्यांना मी नावे ठेवीत नाही.

आता जे सांगणार आहे ते मात्र पान-सुपारी बाजूला ठेवून ऐका. काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, तो काम देणारा नव्हे. त्याला अनामत म्हणा, नोंदणी म्हणा, शिकवणीची फी म्हणा. आपल्याच वस्तीतल्या एका ताईंना 'घरबसल्या लेख टंकून द्या' असे काम मिळाले. अडीच हजार रुपये नोंदणीचे घेतले. त्यांनी रात्र रात्र जागून पाने पुरी केली, तेव्हा सांगण्यात आले की चुका फार आहेत, करार मोडला, दंड भरा. मग व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस आली. शिक्का, अशोकस्तंभ, सगळे. बिचारी चार दिवस जेवली नाही, घरात सांगेना, आणि मंगळसूत्र मोडायला निघाली होती. सुदैवाने सराफाच्या दारातच ती आमच्या अध्यक्षाबाईंना भेटली. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, आणि ती तर वकिलाचीही नव्हती. आम्ही तिच्याबरोबर बसून १९३० या क्रमांकावर फोन केला. असल्या फसवणुकीच्या तक्रारीसाठी सरकारने तो ठेवला आहे. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन कराल तितके ते अडविणे सोपे. दुसरे असे की, पैसे आपल्याकडे येताना यूपीआयचा पिन कधीच घालावा लागत नाही. 'पैसे पाठवतो, पिन टाका' असे कोणी म्हटले की फोन ठेवून द्यावा, निरोपाचे बोलणेही करू नये.

पैसे घ्यायचे ते स्वतःच्या नावाच्या खात्यात. पॅन कार्डही स्वतःचे. काही जण पैसे देताना प्राप्तिकर कापून घेतात. आपले उत्पन्न कर भरण्याइतके नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, म्हणून कापल्याची पावती जपून ठेवावी. खाते नवऱ्याच्या नावाचे असले तरी काय बिघडते, असे मला एका बाईंनी विचारले. प्रेमाच्या घरात काही बिघडत नाही. पण कायदा काय म्हणतो ते ठाऊक असावे. बायकोने लेखनाच्या वा कलेच्या बळावर मिळविलेला पैसा तिचा स्वतःचा, असे इंग्रज सरकारने १८७४ सालीच कायद्यात घातले होते, पण लग्नाच्या वेळी हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख वा जैन असलेल्या बायकांना त्यातून वगळले होते. हिंदू बाईने स्वतःच्या कसबाने आणि कष्टाने मिळविलेल्या मिळकतीची ती पूर्ण मालक, हे १९५६ च्या वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमात स्पष्ट लिहिले गेले. माझे सव्वाशे रुपये त्या कलमाखाली येतात. आमच्या ह्यांना मी हे वाचून दाखविले. ते म्हणाले, "मग या महिन्याचे दुधाचे बिल मालकिणीने द्यावे." मी दिले.

बोलणे लांबले, चहाची भांडी वाजू लागली आहेत. ज्यांना लिहायचे आहे त्यांच्यासाठी पुढच्या गुरुवारपासून दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत आपण बसणार आहोत. फी नाही. येताना फोन भरून आणावा आणि आपल्याला पक्की ठाऊक असलेली एक गोष्ट बोलून वा लिहून आणावी, मापे आणि दिवस बरोबर घालून. वकीलबाईंनी अर्ध्या पानाचे एक पत्र करून दिले आहे. लेख किती शब्दांचा, दर काय, पैसे किती दिवसांत, नाव कोणाचे, आणि हक्क किती वर्षांसाठी, एवढेच त्यात भरायचे असते. लेख पाठविण्याआधी ते समोरच्याकडून भरून घ्यायचे. त्याच्या प्रती चिटणीसबाईंकडे ठेवल्या आहेत, प्रत्येकीने जाताना एक न्यावी. र्‍हस्वदीर्घ तपासायला माझी मुलगी येईल, तिच्यासाठी कोणी तरी लाडू आणावेत. कुरडयांवर मात्र कोणी लिहू नये, तो विषय माझा झाला आहे.